साहेब येणार म्हणून जंगल झाडलं

हरणाला पसारा लागतो.

ही माहिती मला चाळिशी उलटल्यावर, पेनसिल्व्हेनियातल्या एका जंगलात, माझ्या साहेबानं दिली. ती ऐकून मला भरून आलं. माझ्या स्वभावाची कदर करणारा एक तरी प्राणी देवानं जन्माला घातला होता! (नलूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझं टेबल बघून आजवर पुष्कळ प्रश्न विचारलेत, पण ‘हरणासाठी ठेवलंय का हो?’ असं प्रेमानं कधी विचारलेलं नाही.)

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहायचो. तेव्हा ओक ट्री रोडवर आपलं म्हणावं असं एखादंच वाण्याचं दुकान होतं. तिथं कोथिंबीर आली, की ती बातमी फोनाफोनी होऊन तासाभरात चार गावांत पसरायची, आणि आपण पोचेपर्यंत कोथिंबीर संपून नुसती बातमी उरलेली असायची. मी वीजकेंद्रांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. त्या वर्षी कंपनीला नॉर्थ डकोटात मोठं काम मिळालं, आणि आमच्या सेक्शनमधला एक सीनियर इंजिनिअर तीन वर्षांसाठी तिकडे जाणार असं ठरलं. उमेदवार दोघं. मी आणि केन. उमेदवार म्हणजे, दोघांपैकी कोणालाच जायचं नव्हतं!

“तिथं हिवाळ्यात उणे तीस असतं म्हणे,” नलू म्हणाली.

“फॅरनहाइट का सेल्सियस?”

“गोठल्यावर बघा मोजून. मी येणार नाही, आधीच सांगून ठेवते. फ्रीजमध्येच राहायचं असेल तर आपला स्वयंपाकघरातला काय वाईट आहे?”

निर्णय होता वॉल्टरच्या हातात. वॉल्टर म्हणजे आमचा साहेब. सहा फूट चार इंच, मान नाही, हसणं वर्षातून एकदा, आणि जीव एकाच गोष्टीत: ऑक्टोबरात धनुष्यबाण घेऊन झाडावर बसायचं आणि हरीण मारायचं. पण त्याचं नेहमीचं शिकारीचं रान एका बिल्डरनं घेतलं होतं आणि तिथं टाउनहाउसं उभी राहिली होती. त्यामुळे वॉल्टर त्या वसंतात विधवेसारखा हिंडत होता. एकदा ऑफिसच्या कॅफेटेरियात मी ट्रे घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “सर, माझं एक जंगल आहे.”

हे मात्र खरं होतं. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात मी बावीस एकर झाडी घेऊन ठेवली होती. का घेतली, ते विचारू नका. पुण्यात बावीस इंच बोळासाठी तीन पिढ्या कोर्टात जातात. इथं बावीस एकर कोणी भांडण न करता देतंय म्हटल्यावर मी लगेच सही ठोकली. वर एक दोन खोल्यांची लाकडी केबिनही फुकट होती.

“आणि शिकार आमच्या रक्तातच आहे,” मी पुढं ठोकून दिलं. “आमचे पणजोबा संस्थानात शिकारखात्यावर होते.” (होते. कारकून होते. बंदुकीच्या तेलाचा हिशेब ठेवायचे.)

वॉल्टरचा घास हातातच राहिला. पुढच्याच शनिवारी तो जंगल बघायला हजर! मी मोठ्या अभिमानानं माझी उंच उंच झाडं दाखवली. खाली गारेगार सावली, पायाखाली नुसता पाचोळा, लांबवर आरपार दिसतंय. मंदिरात आल्यासारखं वाटायचं. वॉल्टरनं कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघितलं आणि डॉक्टरनं एक्सरे बघून म्हणावं तसं म्हणाला, “शॅशी, धिस इज अ पार्क.” (शॅशी म्हणजे मी.)

“थँक्यू, सर!”

“हे कौतुक नाही. हरणानं इथं खायचं काय? लपायचं कुठं?”

मग तो तासभर बोलला, आणि मी मान हलवली. वर पानांचं छत घट्ट झालंय, जमिनीवर ऊन पडत नाही, म्हणून खाली काही उगवत नाही. तेव्हा मेपलची झाडं मधून मधून पाडायची. ओकला हात लावायचा नाही, हरणं त्याची फळं खातात. पाडलेलं झाड उचलायचं नाही, तिथंच लोळू द्यायचं. त्याच्या फांद्यांत हरणं दडतात, त्याचे कोंब खातात. काटेरी वेली येतील, त्यांना नमस्कार करायचा. मधल्या मोकळ्या जागेत क्लोव्हर, म्हणजे हरणांचा आवडता चारा, पेरायचा. थोडक्यात, नुकतंच वादळ येऊन गेलंय आणि विम्यावाले अजून यायचेत, असं ते जंगल दिसलं पाहिजे.

“यू कॅन डू धिस?”

“सर, पसारा घालायचा असेल तर तुम्ही योग्य माणसाकडे आलात.”

मी चेनसॉ आणली. स्ट्रक्चरल इंजिनिअर असल्यामुळे पहिलं झाड कुठं पडणार याचं मी आधी रीतसर गणित मांडलं. झुकाव, वारा, वजनाचा मध्य, सगळं बघितलं. झाड बरोबर उलट्या दिशेला पडलं. तिथं केबिनच्या मागचा संडास होता. (होता.) वॉल्टर लांबून ओरडला, “नाइस कव्हर!” त्याला तो फळ्यांचा ढीग हरणांसाठी आदर्श वाटला होता. दुसरं झाड तिसऱ्यावर रेललं आणि महिनाभर तसंच, लग्नातल्या दमलेल्या मामासारखं, त्याच्या खांद्यावर मान टाकून उभं राहिलं. पण दर शनिवारी मी जात राहिलो, कापत राहिलो, पाडत राहिलो, आणि उन्हाळा सरेपर्यंत माझं मंदिरासारखं जंगल इतकं भयाण झालं, की पोस्टमननं मला रस्त्यात थांबवून घरच्यांची चौकशी केली.

आणि हरणं आली! काटेरी झुडपांत त्यांच्या वाटा पडल्या, क्लोव्हर खुडलेला दिसायला लागला. ऑगस्टात वॉल्टर आला, त्यानं ती घाण बघितली आणि वर्षातलं एकमेव हसू तिथंच खर्च केलं. “ब्यूटिफुल मेस, शॅशी! ब्यूटिफुल!” एका ओकवर त्यानं बसायचा पाट ठोकला. ऑक्टोबरातला एक शनिवार ठरला. आणि बजावलं, की तोपर्यंत आत कोणी पाऊल ठेवायचं नाही. माणसाचा वास नको, आवाज नको, साबणाचासुद्धा गंध नको. जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “नॉर्थ डकोटाचं मी शिकारीनंतर ठरवतो.” केनचा चेहरा मला तेव्हाच डोळ्यांसमोर दिसायला लागला: वरून बर्फ पडतंय, नाकाला त्याची कांडी लटकलीय.

एवढं सगळं छान चाललेलं असताना नागपूरहून आप्पा आले.

आप्पा म्हणजे नलूचे वडील. नगरपालिकेत उद्यान अधीक्षक म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या बागेत गवताचं पातंसुद्धा त्यांना विचारून वाढत असे. निवृत्त झाले, तरी रस्त्यानं जाताना कुणाच्याही कुंपणाची वाकडी फांदी मोडून सरळ करायचे. आल्या आल्या म्हणाले, “जावईबापू, तुमचं ते जंगल दाखवा ना बा. नलूनं पत्रात लिहिलं होतं.”

मी त्यांना लांबूनच, रस्त्यावरून दाखवलं. आप्पा गाडीतून उतरले. त्यांनी पडलेली झाडं बोटानं मोजली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “काही अडचण आहे का तुम्हाला? नोकरी-बिकरी ठीक आहे ना?”

“उत्तम आहे, आप्पा!”

“मग हे काय करून ठेवलं हो? झाडं अशी मेल्यासारखी पडून राहिली, काटे माजून राहिले... लोक काय म्हणत असतील?”

आता त्यांना खरं कसं सांगणार? आप्पांच्या हातून आयुष्यात मुंगी मेली नव्हती. मेली असती तर त्यांनी तिची तिथी पाळली असती. आपल्या जावयाच्या रानात साहेब हरीण मारायला येणार आहे, हे कळलं असतं तर त्यांनी माझ्या घरचं पाणी सोडलं असतं. म्हणून मी म्हटलं, “आप्पा, साहेबांना असंच आवडतं. पुढच्या महिन्यात ते स्वतः येणार आहेत. हरणं बघायला.”

“साहेब येणार? जातीनं?”

“जातीनं.”

“आणि त्यांच्यावर काही अवलंबून आहे?”

नलू मागच्या सीटवरून म्हणाली, “सगळंच, आप्पा! साहेब खूश झाले तर आम्ही इथं; नाही तर बर्फात.”

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी चमक आली ती मी बघितली होती. मला वाटलं, लेकीच्या काळजीनं पाणी आलं असेल. आपल्याकडे साहेबांची व्हिजिट ठरली, की खात्यात काय होतं, हे मी पंधरा वर्षांच्या अमेरिकेत साफ विसरून गेलो होतो!

सप्टेंबरच्या शेवटी मला कंपनीनं तीन आठवड्यांसाठी टेक्सासला पाठवलं. तिथून मी नलूला फोन करायचो.

“आप्पा काय म्हणतात?”

“मजेत आहेत. शिबिराला गेलेत.”

“कसलं शिबिर?”

“आपल्याकडे सगळ्यांचे आई-वडील आलेत ना यंदा, त्यांचं. सबनीसकाका आहेत, माई गुप्ते आहेत, अजून चारपाच जण. दिवसभर घरात बसून कंटाळतात हो बिचारे. सुनांनी तर डबे भरभरून दिलेत!”

सुनांनी डबे का भरभरून दिले असतील, हे मला लगेच समजलं. अख्ख्या न्यू जर्सीतल्या सुनांना एका फटक्यात सुट्टी! मी म्हटलं, “फारच छान. राहू दे त्यांना हवं तेवढं.” कुठं राहिलेत, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि विचारलं असतं तरी नलूनं सांगितलं नसतं. “तुम्हाला सरप्राइज आहे,” एवढंच म्हणाली, आणि फोनवरसुद्धा मला तिचं हसू ऐकू आलं.

मी शुक्रवारी परत आलो, आणि शनिवारी पहाटे वॉल्टर दारात हजर. अंगावर पानापानांचे कपडे, हातात चाकं-दोऱ्या असलेलं अवाढव्य धनुष्य, आणि तोंडाला काळे-हिरवे पट्टे. आठवडाभर त्यानं साबण लावला नव्हता. गाडीत ते वेगळं सांगावं लागलं नाही.

हरणांना चाहूल लागू नये म्हणून आम्ही गाडी मागच्या रस्त्याला लावली आणि अंधुक उजेडात रानात शिरलो. शंभरएक पावलं गेल्यावर वॉल्टर थांबला.

“शॅशी,” तो कुजबुजला, “पायाला काही लागत नाहीये.”

“नाही ना, सर?”

“ऑगस्टात मी इथं तीनदा पडलो होतो.”

मलाही काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं होतं. पायाखाली नुसतं मऊ मऊ, सपाट. काटा नाही, फांदी नाही. हवेत कसला तरी ओळखीचा वास. (उदबत्ती! पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, पहाटे, उदबत्ती!) पण वॉल्टर शिकारीच्या धुंदीत होता. तो सरसर ओकवर चढला, पाटावर बसला, बाण लावला. मी खाली बुंध्याशी उकिडवा बसलो आणि आठवतील तेवढ्या देवांची नावं घ्यायला लागलो.

आणि उजाडलं.

झाडून सगळ्या ओकना खालून छातीइतक्या उंचीपर्यंत पांढरा चुना लावला होता! आणि त्याच्या वर एकेक तांबडाजर्द गेरूचा पट्टा! आपल्याकडे डाक बंगल्याच्या रस्त्याला असतात, तश्शी झाडं रांगेनं उभी होती. (चुना हार्डवेअरच्या दुकानातला होता, आणि गेरू म्हणजे इकडच्या गोठ्यांना देतात तो तांबडा रंग, हे मागाहून समजलं.) मी उन्हाळाभर पाडलेल्या मेपलच्या फांद्या जाडीप्रमाणे कापून, टोकाला टोक जुळवून, लग्नातल्या लाडवांसारख्या रचून ठेवल्या होत्या. काटेरी वेलींचा मागमूस नव्हता. मधून वळणदार पायवाट, तिच्या दोन्ही कडांना चुना दिलेले दगड. संडास नव्यानं बांधला होता आणि त्याच्या दाराला झेंडूचा हार होता! आणि जागोजागी मोत्यासारख्या अक्षरात पाट्या: ‘येथे थुंकू नये.’ ‘गवतावरून चालू नये.’ ‘हरणे आपले मित्र आहेत.’

वरून, पानांआडून, अगदी हळू आवाज आला.

“शॅशी... व्हाय आर द ट्रीज वेअरिंग सॉक्स?”

मी काही उत्तर देणार, इतक्यात घंटा वाजली.

केबिनच्या दारातून एक मिरवणूक बाहेर पडली. सगळ्यात पुढं आप्पा. कोट, मफलर, माकडटोपी, आणि छातीवर ‘स्वागताध्यक्ष’ लिहिलेला बिल्ला. मागं सबनीसकाका, बांधकाम खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता, हातात टेप. (त्या माणसानं ती पायवाट वळणासकट आखली होती.) त्यांच्या मागं निवृत्त मुख्याध्यापिका माई गुप्ते, नऊवारीखाली पांढरे स्नीकर, हातात आरतीचं ताट. बाकीचे ओळीनं, दोन-दोनच्या जोड्या करून. माईंनी आयुष्यात पोरांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं चालवलंच नव्हतं.

आणि घंटेचा आवाज ऐकून, चारी बाजूंनी, हरणं आली!

पळत आली! लपायला जागाच शिल्लक नव्हती, त्यामुळे ती उघड्यावर, सरकारी कर्मचारी पगाराच्या दिवशी येतात तशी, थेट रांगेत येऊन उभी राहिली. आप्पांनी तीन आठवडे रोज आरतीनंतर त्यांना प्रसाद घातला होता. सगळ्यांच्या मागून एक नर आला. काय सांगू तुम्हाला! शिंगं अशी, की त्यावर एका कुटुंबाचे आठवड्याचे कपडे वाळत पडले असते. वॉल्टरचा श्वास मला खाली ऐकू आला. धनुष्याची दोरी ताणल्याचा करकर आवाज आला.

तो नर शांतपणे चालत गेला आणि त्यानं आप्पांच्या ओंजळीत तोंड घातलं.

“शॅशी! हू इज दॅट मॅन?”

“माझे सासरे, सर.”

“त्यांना बाजूला व्हायला सांग. ते काय खायला देतायत?”

“शिरा, सर.”

मग वॉल्टरचा आवाज एकदम वकिलासारखा झाला. “पेनसिल्व्हेनियात हरणांना आमिष घालून शिकार करणं गुन्हा आहे. माझं लायसन्स जाईल. हे आमिष आहे का?”

“नाही नाही, सर! प्रसाद आहे.”

“त्यानं फरक पडतो?”

“आमच्याकडे पडतो, सर.”

इतक्यात आप्पांनी वर बघितलं. “अगबाई!” हे माई म्हणाल्या. आप्पा म्हणाले, “अरे! साहेब आधीच येऊन बसले! जावईबापू, कळवायचं नाही का? आमची कमान बांधायची राहिली ना! आणि साहेब झाडावर का बसून राहिले?”

“हरणं नीट दिसावीत म्हणून.”

“आणि त्यांच्या तोंडाला काळं कोणी फासलं?”

“ती... थंडीसाठी क्रीम आहे.”

“आणि धनुष्यबाण?” सबनीसकाकांनी विचारलं. अभियंता माणूस, नको तिथं तपशिलात शिरायचाच.

बारा हरणं, सात ज्येष्ठ नागरिक आणि एक साहेब माझ्याकडे बघत होते. आणि तेवढ्यात माई गुप्त्यांनी माझी नोकरी वाचवली. त्या हात जोडून म्हणाल्या, “आप्पासाहेब, लक्षात कसं येत नाही? आज दसरा!”

दसरा तसा मंगळवारी होऊन गेला होता. पण अमेरिकेत सगळे सण शनिवारीच येतात.

आप्पांनी तिथूनच साहेबांना हात जोडले. “दसऱ्याला साहेब धनुष्य घेऊन आले! बघा, जावईबापू. परक्या देशातला माणूस, पण आपल्या रीतीभाती कशा पाळून राहिला! आणा, आणा ते शस्त्र इकडे. पूजा करू.”

वॉल्टर खाली उतरला. त्याला दुसरा मार्गच नव्हता. सबनीसकाकांनी तोपर्यंत शिडी आणून लावली होती आणि ती खालून धरून ते “वन ॲट अ टाइम, सर, वन ॲट अ टाइम” म्हणत होते. माईंनी धनुष्य पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, चाकांना झेंडूची फुलं खोचली आणि बाणांच्या टोकांनाही एकेक कुंकवाचं बोट लावलं. मग आरती झाली. सगळी हरणं उभी होती. ती तीन आठवडे रोज आरती ऐकत होती. प्रसादाच्या आधी हलायचं नाही, एवढी शिस्त माईंनी त्यांना लावली होती.

आरती संपल्यावर वॉल्टरनं धनुष्याकडे हात नेला. आप्पांनी तो हळूच, पण ठामपणे बाजूला केला.

“नो, सर. पूजेला ठेवलेलं शस्त्र आज चालवायचं नसतं. टुडे, रेस्ट.”

“टुडे रेस्ट?” वॉल्टरनं माझ्याकडे बघितलं.

“टुडे रेस्ट, सर,” मी म्हणालो आणि नजर हरणांकडे वळवली. निदान तीतरी माझ्यावर खूश होती.

मग शाल आणि श्रीफळ. मग सबनीसकाकांचं इंग्रजी भाषण: “रिस्पेक्टेड सर, ॲज पर इन्स्ट्रक्शन्स, द जंगल हॅज बीन पुट इन ऑर्डर.” मग नव्या संडासाचं, साहेबांच्या हस्ते, फीत कापून उद्घाटन! वॉल्टर तोंडाला काळे-हिरवे पट्टे, खांद्यावर शाल, एका काखेत नारळ अशा अवतारात कात्री घेऊन उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला पट्ट्यांखालून काही केल्या दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बर्फ पडत होतं. आता त्याच्यात केन नव्हता. मी होतो.

शिऱ्याची वाटी घेऊन वॉल्टर बाकड्यावर बसला. (हो, बाकडंही होतं.) एक चमचा खाल्ला. थांबला. मग वाटी पुसून खाल्ली आणि पुढं केली. माईंनी परत भरली. तो पायवाटेकडे बघत होता, चुन्याच्या रांगांकडे, त्या रचलेल्या लाकडांकडे.

“शॅशी, हे किती दिवसांत केलं?”

“तीन आठवडे, सर.”

“या माणसांनी? मशिनं कुठली होती?”

“दोन कोयते, एक खराटा.”

“ओव्हरटाइम?”

“शिरा, सर.”

वॉल्टरनं सावकाश शीळ घातली. आणि माझ्या ध्यानात आलं, की हा रागावलेला नाही! हा प्रभावित झालाय! अहो, बुडणाऱ्याच्या हाताला ओंडका लागावा, तसं मी ते पकडलं. छाती पुढं काढली आणि म्हणालो, “सर, खरं सांगायचं तर कल्पना माझीच. प्लॅनिंग माझं. मनुष्यबळ मीच उभं केलं. टेक्सासहून रोज फोनवर सूचना देत होतो.”

सबनीसकाकांच्या भुवया टोपीत गेल्या. माईंनी मला शाळेत नेऊन बाकावर उभं करावं तसं बघितलं. आप्पा मात्र मनाचा राजा. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “होऽ ना, सर! ऑल जावईबापूज आयडिया. वुई आर ओन्ली पुटिंग चुना.”

परतीच्या वाटेवर वॉल्टर खिडकीबाहेर बघत होता. मांडीवर नारळ होता, त्याच्यावरून हात फिरवत होता. घरी आल्यावर मी नलूला हवेत उचलायचा प्रयत्न केला (अर्धा जमला) आणि म्हणालो, “जिंकलो! आप्पांनी वाचवलं!” आमची मुलगी मीनल तेव्हा बारा वर्षांची. तिनं सगळी हकीकत ऐकून फक्त विचारलं, “डॅड, यू टुक ऑल द क्रेडिट?” मी म्हटलं, यालाच व्यवहार म्हणतात बेटा.

सोमवारी वॉल्टरनं मला आणि केनला आत बोलावलं. टेबलावर नारळ ठेवला होता.

“नॉर्थ डकोटाची साइट,” वॉल्टर म्हणाला, “मी बघून आलो. आयुष्यात इतका पसारा बघितला नाही. लोखंड इकडे, लाकडं तिकडे, कोण कुठं काम करतंय पत्ता नाही. मी महिनाभर विचार करत होतो, की हे कोण सरळ करेल.” तो माझ्याकडे वळला. वर्षातलं दुसरं हसू! “आणि शनिवारी मला उत्तर मिळालं. सत्तरीतली माणसं, दोन कोयते आणि एक झाडू घेऊन जो तीन आठवड्यांत रानाची बाग करतो, तोही टेक्सासला बसून! शॅशी, तुझ्याशिवाय हे कोणाला जमणार नाही.”

“पण सर... केन? केन माझ्यापेक्षा सीनियर आहे, सर!”

“केन?” वॉल्टर म्हणाला. “केनच्या टेबलावर गेल्या ख्रिसमसचं सँडविच आहे. त्याला मी इथंच ठेवतो. माझ्या नजरेसमोर.”

केननं माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

नलू येणार नाही म्हणाली होती, पण आली. कारण आप्पांना, परत जायच्या आधी, जावयाला मिळालेली बढती डोळ्यांनी बघायची होती. (ही बढती नाही, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.) डिसेंबरात आम्ही पोचलो. आप्पा गाडीतून उतरले. साइटवरचा सगळा पसारा बर्फाखाली गेला होता; क्षितिजापर्यंत पांढरं. झाड नाही, झुडूप नाही, पान नाही, काटा नाही, काडी नाही. आप्पांनी माकडटोपी सारखी केली, कमरेवर हात ठेवले आणि हळूहळू सगळीकडे बघितलं. जावई झाल्यापासून इतक्या समाधानानं ते माझ्याकडे कधीच वळले नव्हते.

“वा, जावईबापू! याला म्हणतात जागा. कशी लख्ख स्वच्छ आहे!” ते म्हणाले. “आता तुम्ही फक्त हिला हात लावू नका.”